वखारीतला उजवा कान

१

भावजींचं एक पत्र माझ्या टेबलाच्या खणात कित्येक वर्षं पडून होतं. त्याला मी उत्तर दिलं नाही. पत्र तरी केवढं, पाच-सहा ओळींचं, सुताराच्या जाड पेन्सिलीने लिहिलेलं.

"तुम्ही कानाची चित्रं काढता, म्हणून तुम्हालाच विचारतो. टिटवीचे कान माझ्या कटरने गेले का? हो असेल तर नुसतं हो लिहा. समजूत काढू नका."

भावजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. त्यांची लाकडाची वखार होती आणि वखारीत गोल पात्याचं मोठं कापायचं यंत्र. त्याला सगळे कटर म्हणत. टिटवी ही त्यांची एकुलती एक मुलगी. तान्ही असताना ती अशी किंचाळायची की कामगार म्हणत, मालक, कटर बंद करा, पोरीलाच लाकडाजवळ धरा. टिटवी हे नाव तेव्हा पडलं ते कायमचं. मोठी झाल्यावर ती वडिलांच्या हाताखाली कटरवर उभी राहिली, आणि ऐन विशीत तिला ऐकू येईनासं झालं.

मी जन्मभर डॉक्टरकीच्या पुस्तकांसाठी चित्रं काढली. कानाच्या आतला शंख तर इतक्यांदा काढलाय की डोळे मिटूनही काढीन. शंखाच्या वळणांत पेशींच्या रांगा असतात आणि प्रत्येक पेशीच्या डोक्यावर केसांचा बारीकसा झुबका. आवाज आला की झुबके डुलतात आणि पेशी मेंदूला निरोप धाडते. आवाज फार मोठा असला, फार काळ असला, की झुबके मोडतात, पेशी मरते, आणि माणसाच्या कानात मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. एवढं ठाऊक असलेल्या माणसाने भावजींना काय लिहावं? 'हो' लिहायला हात होईना आणि 'नाही' लिहायला पुरावा नव्हता. शिवाय मी स्वतः लहानपणापासून कानात मशीन घालतो. गिरणीचा बॉयलर फुटला त्यात माझे कान गेले, असं घरात सांगत. म्हणजे आवाज काय करू शकतो याचा मी चालताबोलता नमुनाच.

शेवटचे भेटलो तेव्हा भावजींनी विषय काढला नाही. मला हाताला धरून आपल्या डाव्या बाजूला बसवलं आणि म्हणाले, "इकडून बोला, माझा हा कान जरा बरा आहे." वय झालं, असं मला वाटलं. गेल्या हिवाळ्यात ते गेले.

त्यानंतर एका दुपारी टिटवी आमच्याकडे आली. पोट चांगलंच दिसत होतं. वडिलांशी तिचं बोलणं तुटलं त्याला फार दिवस झाले होते. घर सोडून ती दुसऱ्या शहरात राहत होती, तिथेच लग्न केलं होतं. ते गेले तेव्हा वखारीच्या फाटकापर्यंत आली, उभी राहिली आणि तशीच परत गेली. आता ती माझ्या समोरच्या खुर्चीत बसली, कारण तिला माझे ओठ दिसायला हवे होते, आणि मला तिचे.

"बाबांनी तुला पत्र लिहिलं होतं ना, मामा? आई म्हणाली, रोज पोस्टमनची वाट बघायचे. तू काय उत्तर दिलंस?"

मी म्हटलं, दिलं नाही.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे हो."

पुढचं तिने सरळ, जराही आवाज न चढवता सांगितलं. बाळंतपण झालं की वखार विकायची, कटर भंगारात द्यायचं. आईने तिच्याकडे राहायला यावं, पण बाबांचा फोटो घेऊन येऊ नये. तो फोटो आणि तिचं बाळ एका घरात राहणार नाहीत. ताईने फोटो सोडायला साफ नकार दिला होता. म्हणजे म्हातारपणी ताई रिकाम्या घरात एकटी, आणि नातवंड कुठेतरी दुसरीकडे वाढणार.

जाताना टिटवीने पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. तिच्या कानांच्या तपासणीचा आलेख. "तू चित्रकार आहेस. हा फ्रेम करून आईला दे. बाबांच्या फोटोशेजारी शोभेल."

ती गेल्यावर माझी बायको कपबशा उचलत म्हणाली, "एक विचारू? फोन वाजला तेव्हा तुम्ही दोघं ढिम्म. खालून ट्रक गेला तर दोघांनी एकदम माना वळवल्या. बॉयलरने फोडलेले कान आणि करवतीने फोडलेले कान, इतके सारखे असतात का हो?"

२

मी भित्रा माणूस आहे. कुठल्याही शंकेपुढे आधी मलाच माझी शंका येते. पण चित्रकाराला एक सवय असते, ती डोक्याला विचारत नाही. मी टिटवीचा आलेख खिडकीच्या काचेवर चिकटवला. त्याच्यावर माझा स्वतःचा आलेख ठेवला, मागच्या तपासणीतला. उन्हामुळे दोन्ही कागद आरपार दिसू लागले.

अशा आलेखात डावीकडे जाडे आवाज, उजवीकडे बारीक. जितकं कमी ऐकू येतं तितकी रेघ खाली. टिटवीची रेघ डावीकडे बऱ्यापैकी वर होती आणि उजवीकडे उतरत उतरत पार तळाला गेली होती. माझीही. तिच्या उजव्या आणि डाव्या कानाच्या रेघा एकमेकींवर बसत होत्या. माझ्याही. वय वेगळं, कारण वेगळं, मधे इतका काळ गेलेला, आणि रेघ एकाच हाताने ओढल्यासारखी.

दोन्ही कागद घेऊन मी कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. खरं तर बायकोने नेलं. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, फटकळ आहेत, आणि माझ्याशी बोलताना ओरडत नाहीत. हळू आणि स्पष्ट बोलतात. त्यांनी आलेख बघितले आणि आधी विचारलं की तुमची भाची कटरवर कशी उभी राहायची. मी उठून दाखवलं. लाकूड पुढे सरकवायचं, पातं उजव्या हाताला.

मग त्या म्हणाल्या की तेच तर जमत नाही. उजवीकडच्या पात्याने उजवा कान जास्त जायला हवा. शिवाय आवाजाने गेलेल्या कानाची रेघ आधी एका ठरावीक जागी खचते, भिंतीला खिंडार पडावं तशी, आणि मग वर्षानुवर्षं ते खिंडार रुंद होत जातं. इथे खिंडार नाही. इथे भिंत एका टोकापासून सरळ उतरत गेली आहे, दोन्हीकडे सारखीच.

"काका, जे दोन्ही कानांत सारखं पोचलं ते बाहेरून आलेलं नाही," त्या म्हणाल्या. "ते रक्तातून आलंय. तिला कधी इंजेक्शनं दिली होती का?"

मी बायकोकडे बघितलं. बायकोने तोंडावर हात ठेवला होता. आम्हा दोघांना एकच गोष्ट आठवली होती: टिटवीचा पाय.

३

वखारीत मला सगळे मामाच म्हणतात. वखारीचे जुने मिस्त्री माझ्याहून म्हातारे असून तेही. कटरवर गोणपाट टाकलेलं होतं. आम्ही फळ्यांच्या ढिगावर बसलो, आणि मिस्त्रींनी आधी माझ्या मशीनची चौकशी केली, मग प्रकृतीची.

मी त्यांना टिटवीच्या पायाचं विचारलं. त्यांना सगळं लख्ख आठवत होतं. जुन्या इमारतींचं लाकूड आलं होतं, त्यात खिळे असतात. एक फळी घसरली आणि तिच्यातल्या गंजक्या खिळ्याने टिटवीची पोटरी फाडली. पोरीने चिंधी बांधली आणि काम केलं. पाय सुजला, काळानिळा झाला, ताप चढला. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, विष अंगात पसरतंय, पाय कापावा लागेल किंवा त्याहून वाईट. रोज इंजेक्शनं चालली. पाय वाचला.

"आणि कान?" मी विचारलं.

कान नंतर गेले, मिस्त्री म्हणाले. घरी येऊन आठवडा झाला नसेल, मोठं काम अंगावर होतं, मालकांनी तिला कटरवर उभं केलं. आणि त्या कामातच ती पात्याची भानगड झाली. त्या दिवशी कटर असं किंचाळलं की रस्त्यावरची माणसं आत आली. तेव्हापासून पोरीला ऐकू येईना. सगळ्यांनी बघितलंय.

घरात ही गोष्ट मी अशीच ऐकली होती. म्हणून मी ती पुन्हा, सावकाश सांगायला लावली.

वखारीत एक रीत होती. बाकीचे कामगार कानांवर झाकणं घालत, पण कटरवर जो उभा राहील त्याने कान उघडे ठेवायचे. कारण पातं खिळ्याजवळ आलं की त्याचा सूर बदलतो, घरघरीत एक बारीक किणकिण मिसळते. ती कानावर आली की लाकूड झटकन मागे घ्यायचं. नाही घेतलं तर पात्याचे दात उडतात. भावजींनी टिटवीला हेच शिकवलं होतं, झाकण काढ आणि लाकूड काय म्हणतंय ते ऐक. सगळ्या वखारीत तिच्याइतका तिखट कान कोणाचा नव्हता.

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी किणकिण झाली, मामा. मी पार त्या टोकाला होतो, झाकणं गळ्यात होती, मला ऐकू आली. पोर लाकूड ढकलतच राहिली. खिळा लागला, दात उडाले, पातं किंचाळलं. मालक धावत आले आणि सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडले, कान कुठे ठेवून आलीस म्हणून."

मिस्त्रींनी जे सांगितलं ते त्यांना स्वतःलाच अजून ऐकू आलं नव्हतं. पातं किंचाळल्यामुळे टिटवी बहिरी झाली नव्हती. ती आधीच बहिरी होऊ लागली होती, म्हणून पातं किंचाळलं. बारीक आवाज पहिले जातात. किणकिण हॉस्पिटलातच राहिली होती.

मी हे त्यांना जमेल तसं समजावलं. म्हाताऱ्याने पंचाने डोळे पुसले आणि मग, जणू आता सांगायला हरकत नाही अशा सुरात, आणखी एक गोष्ट सांगितली.

"टिटवी घर सोडून गेल्यावर मालकांनी कटरवर दुसऱ्या कोणाला उभं राहू दिलं नाही. आधी आमच्या पाळ्या असायच्या. नंतर दिवसभर ते एकटेच. उघड्या कानांनी. मी एकदा झाकणं घेऊन गेलो तर म्हणाले, राहू दे मिस्त्री, तिचे गेले तसे माझेही जाऊ देत. शेवटपर्यंत असंच चाललं. पण गेले नाहीत हो. उजवा तेवढा मंद झाला. फोन डाव्या कानाला लावायचे."

भावजींनी मला डाव्या बाजूला का बसवलं होतं ते आत्ता कळत होतं. त्याच कटरवर, त्याच जागी, टिटवीहून किती जास्त वर्षं ते उभे राहिले. स्वतःला शिक्षा म्हणून. आणि त्या शिक्षेनेच सिद्ध होत होतं की कटर काय करू शकतं आणि काय नाही. उजवा कान, थोडासा, सावकाश. त्या माणसाने आपल्या निर्दोषपणाचा पुरावा डोक्याच्या एका बाजूला वागवला, आणि तो वाचून दाखवायला त्याच्या ओळखीत कान काढणारा एकच चित्रकार होता.

४

आता सगळं सरळ आहे, असं मला वाटलं. म्हणून अर्थातच ते सरळ नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली, पण अर्धीच. त्या म्हणाल्या, ही इंजेक्शनं जुनी, स्वस्त, आणि जीव वाचवणारी. कानातल्या त्या पेशी औषध आत ओढून घेतात आणि मग त्यांना ते लवकर बाहेर टाकता येत नाही. शंखाच्या सुरुवातीच्या वळणातल्या, बारीक आवाजाच्या पेशी पहिल्या मरतात. हे माहीत असतं म्हणून डॉक्टर मोजून देतात. टिटवीच्या हॉस्पिटलच्या कागदांवर तेच औषध, मोजूनच दिलेलं होतं, दिवसही फार नव्हते. इतक्या थोड्याने इतका नाश सहसा होत नाही. तेवढं कोडं राहतंच.

"आणि तुमचं काय?" त्यांनी मला विचारलं. "तुम्हाला लहानपणी इंजेक्शनं दिली होती?"

दिली होती. मला आणि माझ्या आईला. तिला क्षय झाला, तिच्यापासून मला लागला, आणि एकच नर्स दोघांनाही सुई टोचायला घरी येई. आम्ही दोघं बरे झालो. आईलाही ऐकू कमी येई, पण ती गिरणीत मागांच्या खात्यात होती, आणि मागावरच्या बायका बहिऱ्या होतातच असं सगळे म्हणत. माझ्या वाट्याला बॉयलर, आईच्या वाट्याला माग, टिटवीच्या वाट्याला कटर. आमच्या घरात कोणाचे कान गेले की जवळचा सगळ्यात मोठा आवाज पकडून आणत. सुईकडे कोणी बघितलं नाही, कारण सुई आवाज करत नाही.

मी म्हटलं, म्हणजे आमच्या घराण्याचेच कान या औषधाला कच्चे असतील.

तेवढ्यात बायको म्हणाली, "आणि आपला मुलगा?"

आमच्या मुलाला मूत्रपिंडाच्या दुखण्यात हीच इंजेक्शनं दिली होती, टिटवीहून जास्त दिवस. आणि त्याचे कान असे की, बायकोच्या शब्दांत, मी मनात शिव्या दिल्या तरी दुसऱ्या खोलीतून ओ देतो. घराण्याचा दोष असता तर बापाचा मुलाला नको होता का यायला? आणि ताई? तीही त्याच आईची, तिला अजून सुई पडलेली ऐकू येते.

डॉक्टरीणबाईंनी एका कागदावर काहीतरी लिहिलं, माझं रक्त घेतलं, आणि म्हणाल्या की बहिणीला भेटून या. तिला विचारा की लहानपणी ती त्या नर्सच्या हाती कशी सापडली नाही.

५

ताई भावजींच्या खुर्चीशेजारी बसली होती. फोटो भिंतीवर होता. मी नर्सचं विचारलं आणि तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला.

"मला कुठली नर्स? मला आत्याकडे पाठवलं होतं. तुला जवळ ठेवलं आणि मला पाठवलं."

ते दुखणं मला लागलं तसं तिलाही लागू नये म्हणून तिला दूर ठेवलं, हे तिला मोठेपणी कळलं होतं. तरी इतक्या वर्षांनी ती ते असंच बोलली. मग तिने जे सांगितलं ते मी आजवर कधीच ऐकलं नव्हतं. आत्याकडून ती परत आली तेव्हा आई आणि मी अंगणात पाठमोरे बसलो होतो. तिने फाटकातून हाक मारली. मग धावत येत पुन्हा मारली. आम्ही वळलो नाही.

"मला वाटलं, तुम्ही दोघं माझ्याशिवाय राहायला शिकलात. मला वाटलं, रागावलात. मी फाटकाशीच बसून राहिले."

मी तिचा हात धरला. आणि हात धरूनच, कारण तो प्रश्न टाळता येणार नव्हता, विचारलं: गिरणीचा बॉयलर त्या आधी फुटला की नंतर?

"नंतर. मला चांगलं आठवतं. सगळी गल्ली दचकली आणि तू एकटा चित्र काढत बसला होतास. मीच तुला ओढून खिडकीशी नेलं."

म्हणजे बॉयलरनेही काही केलं नव्हतं. आई आणि मी एकाच वेळी, एकाच नर्सच्या हातून बहिरे झालो होतो. आणि ताई सुटली ती कान पक्के म्हणून नाही. तिला सुई टोचलीच नाही म्हणून.

उरला एकटा माझा मुलगा. तिथे बसल्या बसल्याच मी पाकिटाच्या मागे आमचं घर काढलं. आई. तिच्याखाली मी आणि ताई. माझ्याखाली मुलगा, ताईखाली टिटवी. ज्यांना औषध बाधलं ती माणसं काळी केली: आई, मी, टिटवी. आणि मग दिसलं. काळी रेघ आईकडून दोघांकडे येत होती, पण पुढे फक्त ताईकडून जात होती. माझ्याशी येऊन ती थांबत होती. आजी, मामा, भाची यांना बाधा, मामेभाऊ मोकळा. आपल्या भाषेत मामेभावाला वेगळा शब्द आहे आणि मावसभावाला वेगळा. या दुखण्यालाही तो फरक कळत होता.

माझा तर्क चुकत असेल, असं मनात धरूनच मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. रक्ताचा निकाल त्यांच्या टेबलावर होता. पेशीला बळ पुरवणाऱ्या भागात एक लहानसा फेरफार असतो, त्या म्हणाल्या. एरवी काही त्रास नाही, माणसाला पत्ताही लागत नाही. फक्त या एका जातीचं औषध मिळालं की कानातल्या पेशी टिकाव धरत नाहीत. तो फेरफार आईकडूनच येतो. बापाकडे असला तरी बाप मुलाला देऊ शकत नाही.

ताईला हे सांगायला मी परत गेलो. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे माझ्यातून गेलं."

मी म्हटलं, आईतून. आणि आईला तिच्या आईतून. तू दिलंस म्हणण्यासारखं यात काही नाही.

"यांना वाटत होतं, यांनी दिलं," ताई म्हणाली. तिने फोटोकडे बघितलं नाही. खुर्चीच्या हातावरून ती हात फिरवत होती. "रात्री उठून बसायचे. मी म्हणायचे, झोपा. एवढंच म्हणायचे मी."

मग तिने तोंड माझ्याकडे वळवलं, म्हणजे मला ओठ दिसतील. "तिच्या बाळाचं काय?"

६

लिहायला बसलो तेव्हा एकच गोष्ट अडली. डॉक्टरीणबाईंना मी निघताना विचारलं होतं की कटर पूर्ण सुटलं ना. त्या खोटं बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, औषध कानात बरेच दिवस रेंगाळतं, आणि त्या काळात मोठा आवाज मिळाला तर नुकसानीत भर पडते. टिटवीला हॉस्पिटलातून आणून लगेच उघड्या कानांनी उभं केलं नसतं तर कदाचित थोडं अधिक उरलं असतं. किती, ते कोणी सांगू शकणार नाही.

मी बायकोला विचारलं, हे लिहू की गाळू? ती म्हणाली, "त्यांनी समजूत काढू नका म्हटलं होतं. आणि तुमची भाची ओठ वाचते. लपवलेलं तिला आधी दिसतं."

म्हणून सगळंच लिहिलं.

"भावजी,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. टिटवीचे कान इंजेक्शनांनी गेले. ती दिली नसती तर पाय गेला असता, कदाचित तीच गेली असती, म्हणून देणाऱ्यांचाही दोष नाही. तिचे कान आमच्या आईसारखे आणि माझ्यासारखे, त्यांना ते औषध सोसत नाही. हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

पात्याचे दात उडाले त्या दिवशी तिने हलगर्जीपणा केला नव्हता. तिला किणकिण ऐकूच येत नव्हती. तुम्ही तिच्यावर ओरडलात, ते तिला ऐकू आलं. ते जाड आवाजात होतं.

तुम्ही तिला लवकर कटरवर उभं केलंत, त्याने थोडी भर पडली असेल. तेवढं तुमचं. त्याहून जास्त तुमचं नाही, आणि तेवढ्यासाठी तुम्ही फार भरलंत. मिस्त्रींनी मला सांगितलं. तुमचा उजवा कान नसता तर मला हे कधीच उलगडलं नसतं. तो तुम्ही पात्याकडे धरून उभे राहिलात आणि तरी तो गेला नाही. माझ्या सगळ्या चित्रांपेक्षा त्याने जास्त सांगितलं.

टिटवीच्या बाळाचा जन्म होईल तेव्हा तिने तिथल्या डॉक्टरांना या जातीच्या इंजेक्शनांचं आधीच सांगावं. दुसरी औषधं आहेत. एवढं सांभाळलं तर बाळाचे कान चांगले राहतील. ते तान्हेपणी किंचाळलं तर त्याचं नाव काय ठेवायचं ते तुम्हाला विचारायला हवं होतं.

उत्तराला उशीर झाला. तुम्ही पोस्टमनची वाट बघत होतात, हे मला माहीत नव्हतं."

टिटवीचा आलेख मी फ्रेम केला नाही. त्याची एक नक्कल काढली, तिच्या रेघेवर माझी रेघ काढली, आणि ती पत्रात घातली. पाकिटावर नाव भावजींचं लिहिलं. पत्ता टिटवीचा.

पोस्टाची पेटी कोपऱ्यावर आहे. बायको बरोबर आली, कारण एकटा गेलो तर मी परत आणीन अशी तिला खात्री होती. मी पाकीट फटीत धरलं आणि थोडा वेळ तसाच धरून उभा राहिलो. मग बोटं सोडली आणि कान देऊन थांबलो. कागदाचा आवाज बारीक असतो; मला तो कधीच येत नाही.

मी तिच्याकडे बघितलं.

"पडलं," ती म्हणाली.